रिकाम्या गावातला धूर

द्वारके,

दिवाळीची सुट्टी संपत आली. सोमवारी माझी शाळा उघडेल, त्याआधी मला वेंगुर्ल्याची गाडी गाठायला हवी. दर सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी तू आमच्या घरापुढच्या खळ्यात यायचीस, पायरीवर बसायचीस आणि म्हणायचीस, "जा गो बाय, जा. आणि पोरांका उगाच मारू नको." मी म्हणायची, "मी मारणंय नाय." तू म्हणायचीस, "तोंडान मारतंस, ता वायच ज्यास्त लागता." ते खरं होतं. माझी जीभ तिखट, आणि तिची धार पहिल्यांदा तुझ्यावरच पारखली गेली.

तुला जाऊन अजून पंधरवडा झालेला नाही. तू कधी जन्मलीस, कुठल्या दुखण्याने गेलीस, हे मी इथे सांगत बसणार नाही. ज्यांना ते जाणून घ्यायचं होतं त्यांनी तुझ्या घरात पाऊल टाकायला हवं होतं. गावाला तुझ्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती आणि तेवढी पुरत होती. गावाच्या मते चंद्राआजी तुझ्यामुळे मेली. "द्वारकीन म्हातारी खाल्ल्यान," हे वाक्य मी बायकांच्या तोंडून विहिरीवर ऐकलं आहे, आणि मला बघून त्या गप्प झाल्या आहेत. गाव काय, बोलणारच. मला राग याचा की तूही ते मनातून खरं धरून बसली होतीस. देवाला न भिणारी तू, ह्या एका गोष्टीपुढे मान खाली घालायचीस.

त्या गोष्टीतलं एक मला या महिन्यातच कळलं. ते मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर तू नेहमीसारखी मधेच बोलशील.

आपल्या गावची शाळा सातवीत संपायची. पुढे शिकायचं तर मालवणला. माझी मावशी बाजारामागे राहायची, तिच्या माडीवर आपण दोघी. तुझी आई वर्षाचे तांदूळ मावशीकडे पोचवायची, आणि मावशी तेच तांदूळ दाखवून तुला सांगायची, "जेव गो, तुझाच आसा." हायस्कुलात सगळी पोरं सुट्टीची वाट बघायची, आपण जरा जास्तच. गणपती, दिवाळीचे चावदिस, शिमगा, मग मे महिना. शाळेचं वर्ष आपल्या लेखी एवढंच होतं. मधले दिवस नुसते ढकलायचे. सुट्टीच्या आदल्या दुपारी दप्तर पाठीला बांधून आपण चालत सुटायचो, खाडीपर्यंत, मग तरीतून पलीकडे. तरीवर बसलं की तू मोठ्याने हसायला लागायचीस, विनाकारण. तरवाला म्हणायचा, "हसा नको गो, होडी हलता."

माझे आबा गावचे गुरव. देवाला कौल लावायचा तो त्यांनी. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, देवाला विचारायचं आणि बसून राहायचं. उजवी पाकळी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार, कुठलीच पडली नाही तर देव गप्प आहे, थांबायचं. गावात पेरणी, लग्न, पालखी, काहीही त्याशिवाय हलत नसे. तुला लहानपणापासून हे पटत नव्हतं. तरीतच तू मला डिवचायचीस. "पाकळी तुझ्या बापाशीच्या मनातला बोलता." मी चिडून लाल व्हायची. "आबा पाकळेक हात लावणत नाय. कधीच नाय." तू म्हणायचीस, "बघितलंस? तू भायर बसतंस, ते आत." आणि पुन्हा हसायचीस. आपलं भांडण तिथलं. पुढे त्यातलं हसणं गेलं.

मॅट्रिकचं वर्ष. गणपतीच्या सुट्टीला आपण गावात पोचलो तेव्हा मुंबईची माणसं येऊन ठेपली होती. घराघरात ट्रंका उघडलेल्या, पोरांच्या अंगात नवे सदरे, भजनाच्या पेटीवर कोणीतरी बोटं फिरवतोय. तुझा भाऊ वसंत मात्र आला नव्हता. तो गिरणीत होता, आणि वडील गेल्यापासून घरचा गणपती तोच आणायचा. तुझी आई चतुर्थीच्या सकाळी मूर्तीवाल्याच्या चित्रशाळेत जाऊन बसली. एकेक गणपती उठत होता, तुमचा तेवढा पाटावर. "येतलो तो," ती म्हणत होती, "गाडी चुकली आसतली." दुपार कलली तेव्हा शेजारच्या माणसाने तो उचलला. तिथल्या पायरीवरच त्याच्या पायाला ठेच लागली आणि मूर्तीच्या बोटाचा टवका गेला. मूर्तीवाल्याने ओली माती लावून तो लगेच बुजवला, कोणाला कळलंही नाही. तुझ्या आईला कळलं. ती विसर्जनापर्यंत धड जेवली नाही.

दिवाळीला बोटी सुरू झाल्या होत्या. चावदिशीच्या पहाटे आपण तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, गोविंदा म्हणून ओरडलो, त्याची कडू बी जिभेला लावली. मग पोहे. तुझ्या आईच्या हातचे गुळपोहे, दूधपोहे आणि ताकातले, मी आमच्याकडे खाऊन पुन्हा तुमच्याकडे यायची. त्या सकाळी मुंबईहून आलेला एक गडी तुमच्या खळ्यात उभा राहून म्हणाला, "वसंतो खोलीर नसता. खोकता. खंय जाता ता सांगणा नाय." त्याला पोहे द्यायला गेलेल्या तुझ्या आईने ताटली तशीच परत आत नेली. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "नलू, माका बरा वाटणा नाय." एरवी तू कधी असं बोलणारी नव्हेस.

मार्गशीर्षात गावपळण लागली. काही वर्षांनी आपल्या गावाला ती लागते, कौल देवच देतो, आणि मग निदान तीन रात्री, परतायचा कौल मिळेपर्यंत, अख्खं गाव शिवेबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. चुली विझवायच्या, दारं ओढायची, देवाला गाव मोकळं करून द्यायचं. मुंबईला कळवायला वेळ कुठला मिळतो! हेडमास्तरांनी रजेच्या अर्जावरून आपल्याकडे बघितलं. ते घाटावरचे. म्हणाले, "तोंडावर प्रिलिम, आणि गाव पळतंय? मार्क पण पळतील हो." वर्ग हसला. आपणही हसलो. आपल्याला काय, सुट्टी मिळाली होती.

आणि गावपळण म्हणजे खरं तर मजाच असायची. शिवेपलीकडच्या उघड्या सड्यावर माडाच्या झापांच्या खोपी, मधे मोठ्या चुली, संध्याकाळी फुगड्या, भजनं. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या बायका एका टोपात पेज शिजवतात. पोरांना मोकळं रान. फक्त खाली बघायचं नाही, असं म्हातारी माणसं सांगायची. खाली म्हणजे आपलं गाव. माडांच्या मधून कौलं दिसायची, तांबडी, शांत. एक कावळासुद्धा ओरडत नसे, की आपल्याला ऐकू येत नसे, कोण जाणे. तू मुद्दाम कड्याशी भूमितीचं पुस्तक घेऊन बसायचीस आणि खाली बघायचीस.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी तूच पहिल्यांदा बघितलंस. "नलू, धूर." रिकाम्या गावात एका घराच्या कौलांतून धूर निघत होता. बारीक, सरळ. हळूहळू सगळे कड्याशी जमले. बायकांनी पोरांना पाठीशी घेतलं. ते घर तुमचं होतं.

गावकर पुढे आला. गावचा पहिला मान त्याच्या घराण्याचा, त्याचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. तो म्हणाला, "गावात ह्या घडीक माणूस नाय. धूर करता तो माणूस नाय. कोणी बघा नको."

तू म्हणालीस, "माणूस नाय तर चूल कशाक व्हयी? भुतां पेज खातत?"

कोणी हसलं नाही. तू सगळ्यांच्या देखत बोललीस, की काल बोट आली असणार, वसंत उतरला असणार, त्याला अंगात बळ असतं तर रिकामं गाव बघून तो इकडे आला असता. "तो आजारी आसा. म्हणान थंय रवलो." गावकर म्हणाला, "आसलो तर देव बघून घेयत." तुझी आई खोपीच्या दाराशी बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझो झील मुंबयक आसा." एवढंच, आणि पदर तोंडावर घेतला. मला तेव्हा तिचा भयंकर संताप आला होता. आज वाटतं, दोन्ही पोरं एकाच दिवशी हातची जाऊ नयेत म्हणून ती एकाला नाकारत होती.

तू पदर खोचलास. तांदूळ आणि सुंठ एका फडक्यात बांधलीस. भूमितीचं पुस्तक माझ्या हातात दिलंस. "ह्या ठेव. भिजवू नको." आणि भर दुपारी, सगळं गाव बघत असताना, सड्याच्या पायवाटेने उतरायला लागलीस. वाटेच्या तोंडाशी आबा उभे होते. मला वाटलं, ते तुला अडवणार. तू त्यांच्या समोर थांबलीस. आबा खाली बघत बाजूला झाले. तेवढंच मला आठवतं, त्यांनी वाट दिली.

मग संध्याकाळी पुन्हा धूर आला, आणि सकाळी पुन्हा. मी दर वेळी कड्याशी. ज्या धुराला सगळे भिऊन होते तो दिसला की माझ्या जिवात जीव यायचा. धूर आहे म्हणजे तू आहेस, चूल पेटते म्हणजे कोणीतरी पेज पितंय.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत गावकराने माणसं बोलावली. ठरलं असं, की कौल होऊन गाव आत गेलं की त्याच पावली, आत वसंत असलाच तर त्याला खाटेसकट शिवेबाहेर आणून ठेवायचं. बरा होईल तेव्हा बघू. देवाच्या दिवसांत जो आत राहिला त्याला देवाने काय केलं आहे कोण जाणे, तो गावात नको. कोणीतरी म्हणालं, आजारी माणूस उघड्या सड्यावर जगेल का? आबा तिथे बसले होते. ते अवाक्षर बोलले नाहीत.

सकाळी शिवेवरच्या स्थानात आबा कौल लावायला आत गेले. पुरुष बाहेर उभे. गुरं आधीच सोडलेली, बायकांनी बोचकी बांधलेली, पोरं ढोल कधी वाजतो म्हणून कान लावून. परतताना ढोल वाजवत, नाचत जायचं, तो खरा सण. आबा बाहेर आले आणि म्हणाले, "नाय. देव गप आसा."

सगळ्यांनी तुझ्या घराकडे बघितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तांदूळ संपत आले, पाणी लांबून आणायचं, सड्यावरचा वारा खोपीतून आरपार जायचा. माणसं आता फुगड्या घालत नव्हती. पोरं रडली की आया तुझं नाव घेऊन त्यांना गप्प करत होत्या. चंद्राआजी गावकराची आई, आधीच दम्याने बेजार. ती सारखी म्हणायची, "माका माझ्या खाटीर न्हेवा रे. मगे कायव होवने." तिला त्या खोपीतच मरण आलं. गावच्या मसणात नेता येईना, म्हणून परक्या जागी तिला अग्नी दिला. गावकर मुंडण करून परत आला आणि कड्याशी उभा राहून तुझ्या घराच्या धुराकडे बघत राहिला. त्याची ती पाठ मला अजून दिसते. त्या दिवसापासून त्या मरणावर तुझं नाव लागलं.

त्यानंतरच्या सकाळी धूर आला नाही.

मी थांबले. उन्हं वर आली तरी कौलांतून काही निघेना. मी आबांकडे गेले आणि तुमच्या घराकडे हात केला. आबांनी बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते उठले आणि तसेच, आंघोळ न करता, शिवेवरच्या स्थानाकडे गेले. आंघोळीशिवाय आबा कधी कौलाला बसले नव्हते. घाईत विसरले असतील, असं मी धरून चालले. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. "कौल झालो. चला."

ढोल वाजला नाही. माणसं धावत उतरली ती आनंदाने नव्हे. मी सगळ्यांच्या पुढे. तुझ्या घराचं दार उघडं होतं. तू चुलीपुढे भिंतीला टेकून झोपली होतीस, तोंड उघडं, हातात फुंकणी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुझा डोळा लागला होता. आणि वसंत उंबऱ्यावर बसलेला, हाडांचा सापळा, अंगात घाम सुटून ताप उतरलेला. मला म्हणाला, "गाव पळालो, आणि माका कोणी सांगूक नाय?" मी रडत हसले. द्वारके, तू त्याला जगवलंस. तेवढं मात्र कोणी तुझ्याकडून काढून घेऊ शकलं नाही.

त्याला बाहेर न्यायचं राहिलं. ताप उतरलेला दिसत होता, आणि गावकराच्या घरी सुतक होतं. पण तुमच्या दारात माणूस यायचं बंद झालं. शिमग्याच्या सुट्टीला आपण आलो तेव्हा रोंबाट, सोंगं घेतलेला मेळा, घरोघर नाचत होतं. तुमच्या खळ्याशी आलं आणि ढोल बंद झाला. सगळे गुपचूप पुढे गेले, पुढच्या घराशी पुन्हा ढोल. तू दारात आरतीचं ताट घेऊन उभी होतीस. "बरा झाला," तू म्हणालीस, "तेलाची वात वाचली." आणि आत गेलीस.

मार्चात आपण दोघींनी परीक्षा दिली. भूमितीत तुला माझ्यापेक्षा जास्त मिळाले, हे मी लोकांना कधी सांगितलं नाही, आज सांगते. मी शिक्षकी शिकून वेंगुर्ल्याला लागले. तूही गावच्या शाळेत लागू शकली असतीस, पण तुझ्या हाताखाली आपलं मूल बसवायला कोण तयार होणार? तू शिवणाचं यंत्र घेतलंस. रात्रीच्या अंधारात बायका पोलक्याचं कापड तुझ्याकडे टाकून जायच्या, दिवसा ओळख द्यायच्या नाहीत. वसंतने डोंगरउतारावर काजू लावले. तुझी आई गेली तेव्हा खांदा द्यायला आबा होते आणि मुंबईचे दोघे.

मी मात्र दर सुट्टीला येत राहिले, आणि आपण भांडत राहिलो. मी मास्तरीण, मला माझ्याच पोरांसारखी सुट्टी लागायची, आणि सुट्टी म्हणजे तू. पण भांडण आता बदललं होतं. तू म्हणायचीस, "पयल्या दिसाक कौल जावक नाय, ता तुझ्या बापाशीचा काम. माका आत कोंडून शिकवूचा होता तेंका." मी म्हणायची, "आबा असा कधीच करूचे नाय." एकदा, मे महिन्यात, फणस कापताना, तू हात थांबवलास आणि माझ्याकडे बघून विचारलंस, "मगे म्हातारेक कोणी मारल्यान? देवान? तुझ्या बापाशीन? काय मी?" मी गरे काढत राहिले. आबांवर मी येऊ देत नव्हते. देवावर तू ढकलत नव्हतीस, म्हणायचीस, दगडाला काय कळतं. मग उरलं कोण? मी इतकी वर्षं माझ्या बापाची बाजू घेऊन तुला कोपऱ्यात ढकलत होते, हे मला कळत नव्हतं.

आता ते सांगते.

तुला न्यायचं होतं ती सकाळ. खळ्यात तू, अंगावर माझी दिवाळीची साडी. वसंत हातात विस्तवाचं मडकं घेऊन उभा. थोडे पुरुष लांब माडाखाली, त्यात गावकरही. मयताला येऊन उभं राहणं त्याला चुकवता येत नाही. आबा काठी टेकत आले. त्यांना आता धड दिसत नाही. ते तुझ्या पायाशी उभे राहिले, काठी खाली ठेवली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. देवळात घालतात तसं, मोठ्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाक उचलुच्या आदी माझा ऐक. त्या वर्सा शिवेर तुझो कौल लावलंय, तेव्हा पयल्याच सकाळी तू उजवी दिलंस. मी ती मुठीत धरलंय आणि भायर येवन नाय म्हणान सांगलंय. आत तापात पडलेलो झील होतो, तेका ह्ये भायर काढतले म्हणान."

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यावर पुरुषांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. कोणी म्हटलं नाही. माडाच्या झावळ्या वाजत होत्या तेवढ्याच.

"दुसऱ्या सकाळीव तुझी उजवी मुठीत घेतलंय. तेच्या पुढच्या सकाळी धूर दिसाक नाय. माका वाटला, दोगांव गेली. तेव्हा मी कौल लावलंयच नाय. तुका इचारल्याशिवाय गाव आत घेतलंय. म्हातारी गेली ती माझ्या खोट्यान भायर रवली म्हणान गेली. ह्या चेडवाचो तेच्यात काय एक दोष नाय. मी भियालंय, आणि गप रवलंय. काय करूचा आसात ता माझा कर, म्हाराजा."

पुन्हा कोणी नाही. मग वसंतचा आवाज आला, मडक्यातल्या धुराने बसलेला. "व्हय म्हाराजा." तो एकटाच.

गावकर माडाखालून पुढे आला. मला वाटलं, तो आबांवर हात टाकणार. त्याचा आवाज अगदी हळू होता. "म्हणजे आमी तेव्हा परत इलोच नाय, गुरवा? आमी अजून भायरच आसंव?" आबा वाकून खाली ठेवलेली काठी चाचपायला लागले.

या मार्गशीर्षात पुन्हा गावपळण लागेल असं बोलत होते. आता कोणी ते बोलत नाही. कौल कोण लावणार, हेही कोणी विचारत नाही. आबांनी सांगून टाकलं, की पाषाणाला आता त्यांचा हात लागणार नाही. काल पाण्यावर एका बाईने मला विचारलं, "गो नलू, आमच्या चुली पेटतत त्या चलतत मां?" गाव अजून देवाच्याच ताब्यात असेल, तर मी काय सांगू? दिवेलागणीला घरं आतून कड्या घालतात, पूर्वी घालत नसत. आबा तेवढे दार सताड उघडं टाकून ओटीवर बसतात. कोणाची वाट बघता, म्हणून विचारलं तर म्हणतात, "येयत तो येयत." त्यांना असं सोडून सोमवारी जायला माझे पाय उचलत नाहीत. त्यांचा मला इतका राग आला आहे, की जेवायला वाढताना मी बोलत नाही. आणि आयुष्यभर ज्या देवाला भ्याले त्याच्याशी ते तुम्हा दोघांसाठी खोटं बोलले, हे आठवलं की ताट ठेवून मी आत जाऊन रडते. दोन्ही खरं आहे, द्वारके. तुझं बरोबर होतं, पाकळीला त्यांचा हात लागला होता. फक्त कशासाठी, ते तुला कळलं नाही, आणि ज्याने कळवायचं त्याने तुझ्या पायाशी उभं राहीपर्यंत तोंड उघडलं नाही.

गावकर मागे फिरला तेव्हा तिरडी उचलायची तयारी सुरू झाली. बायका मला मागे ओढत होत्या. मी त्यांचे हात सोडवून तुझ्याशेजारी बसले आणि तुझ्या कानाशी तोंड नेलं. "म्हातारी तुझ्यामुळा गेली नाय गो," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, तुला ऐकू जावं म्हणून. तुझा कान थंड होता.